काढ्याचं कासव

नियम कसा वाचावा हे ज्याला शिकायचं असेल, त्याने सरळ माझ्याकडे यावं! अख्खी नोकरी मी शाळेत विज्ञान शिकवलं, आणि पोरांकडून दुसरं काही नाही तरी एक गोष्ट पक्की करून घेतली. वाक्यातला शब्द न् शब्द वाचा. जे लिहिलंय ते पाळा, जे लिहिलेलं नाही ते आपलं! त्यामुळे बोटीच्या तिकिटामागचा नियम वाचून घरातल्या बाकीच्यांचे चेहरे पडले, तेव्हा मी मात्र मिशीतल्या मिशीत हसलो. नियम असा होता : 'प्रवाशांनी स्वतःची पेये बोटीवर आणू नयेत.'

बस्स, एवढाच! माझ्यासारख्याला असल्या नियमाची भीती घालणं म्हणजे माशाला बादलीची भीती घालण्यासारखं. (मासे बादलीतच मरतात, हे मला तेव्हा सुचलं नाही.)

आधी बोटीचं सांगतो. आमचे चिरंजीव एका मोठ्या प्रवासी बोटीवर इंजिनिअर आहेत. बोट कसली, तरंगतं गावच ते! वर पोहण्याचा तलाव, मधे नाटकाचं सभागृह, जेवणाची दालनं, आणि अगदी तळाला, जिथे खिडकीसुद्धा नाही तिथे, आमचा मुलगा. समुद्रावर राहणाऱ्या या माणसाला समुद्र दिसायचा तो सुट्टीवर आल्यावर, कॅलेंडरवर. यंदा त्याला घरच्यांना फिरवून आणायची सवलत मिळाली. सूनबाईला रजा मिळेना, म्हणून मी, आमची ही आणि नात असे तिघं निघालो.

नातीला घरात सगळे 'कशावरून' म्हणतात. हे बिरूद तिला माझ्यामुळे मिळालं. बोलायला लागली तेव्हापासून मी तिला शिकवलं, की कुणी काही सांगितलं म्हणून लगेच मान डोलवायची नाही. विचारायचं, "कशावरून?" दूध संपलं? कशावरून? ताप उतरला? कशावरून? शाळेत बाईंनी पृथ्वी गोल असल्याचं सांगितलं, तर हिने तिथेही हात वर केला. बाईंनी मला भेटायला बोलावलं. त्या तक्रार करत होत्या आणि मी छाती फुगवून ऐकत होतो!

या प्रवासात कशावरूनला ना तलावाचं कौतुक होतं, ना नाटकाचं. तिचा सगळा जीव भोंग्यात अडकला होता. बोट सुटताना कप्तान एका मुलाला किंवा मुलीला वर बोलावतो आणि भोंगा वाजवू देतो. या खेपेला चिरंजीवांनी खटपट करून लेकीचा नंबर लावला होता. बापाला ती बऱ्याच महिन्यांनी भेटणार होती. "बाबा मला उचलून घेणार, आणि मी भोंगा वाजवणार," असा तिचा कार्यक्रम ठरलेला. तयारी म्हणून ती घरभर "भोंऽऽऽ" करत फिरायची. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या.

आणि मग तो फोन आला.

"बाबा, एकच सांगतो," चिरंजीव म्हणाले. "घरून पिण्याचं काही आणू नका. लोक शाम्पूच्या बाटलीतून दारू आणतात, म्हणून तपासणी फार कडक झालीय. आणि उशीर करू नका. शिडी उचलली की उचलली. आमचा कप्तान कुणाच्या बापासाठी थांबत नाही."

"मी तुझा बाप आहे."

"म्हणूनच सांगतोय!"

स्वयंपाकघरात ही आलं किसत होती. तिचा हात थांबला. "म्हणजे काढासुद्धा न्यायचा नाही?"

इथे काढ्याचं सांगायला हवं. हिला प्रवास लागतो. साधासुधा नाही! हिला बस लागते, मोटार लागते, बागेतला झोपाळा लागतो. चष्म्याच्या दुकानातली फिरती खुर्चीसुद्धा एकदा लागली होती. त्यावर उपाय एकच, तिच्या आईकडून आलेला आल्याचा काढा. आलं, मिरी, लवंग आणि भरपूर साखर. पहिल्या घोटाला कान तापतात, दुसऱ्या घोटाला डोळ्यांतून पाणी येतं, आणि तिसऱ्या घोटानंतर आपल्याला काय होत होतं हेच आठवत नाही!

"काढा नाही तर मी नाही," ही म्हणाली. "तुम्ही दोघं जा."

"आजी नाही तर मी पण नाही," कशावरून म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. झालं! भोंगा माझ्या डोळ्यांदेखत बुडायला लागला.

मी खुर्चीतून उठलो. हातात खडू असल्यासारखा हात वर केला.

"पेय म्हणजे काय?"

"जे पितात ते," कशावरून म्हणाली.

"बर्फ पितात?"

"नाही. चोखतात. मी चावते पण."

"मग बर्फ पेय आहे का?"

तिचे डोळे लकाकले. "नाही! पण आजोबा, ते लोक आपलं ऐकतील कशावरून?"

"लोक नसतील ऐकत, पण नियमाला ऐकावंच लागतं! नियमात 'पेय' लिहिलंय. आपण पेय नेणारच नाही. आपण घन पदार्थ नेणार!"

"आधी तुमच्या डोक्यावर बर्फ ठेवा," ही म्हणाली. पण मनातून तिलाही यायचं होतं. मोठ्या पातेल्यात तिने जाता-येताचा आणि वर थोडा जास्तीचा काढा उकळून दिला.

आता गोठवायचा कशात? कशावरूनने वाळूत खेळायचे आपले प्लास्टिकचे साचे आणले. एक चांदणी, एक मासा आणि एक भलंमोठं कासव. कासवात निम्म्याहून जास्त काढा मावला. निघायच्या दिवशी फ्रीजर उघडला, तर तिन्ही आकृत्या तपकिरी, टणक, दृष्ट लागण्यासारख्या! आम्ही त्या साच्यांतून सोडवल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि वरून जाड टॉवेल लपेटला.

"आजोबा, टॉवेलने ऊब येते ना? मग बर्फ वितळेल की!"

खाली टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. पण मूल प्रश्न विचारत असताना टॅक्सीचा विचार करायचा नसतो, असं माझं मत आहे. टॅक्सीवाल्याचं मत वेगळं होतं, ते त्याने नंतर वाटेत ऐकवलंच. मी तिथेच खाली बसलो आणि समजावलं. टॉवेल स्वतः ऊब देत नाही, तो उबेला अडवतो. आतली बाहेर जाऊ देत नाही, बाहेरची आत येऊ देत नाही.

"म्हणजे टॉवेल वॉचमन आहे!"

"अगदी बरोबर! वॉचमन!" माझ्या साऱ्या नोकरीत मला इतकी चांगली उपमा सुचली नव्हती.

बंदरावर पोचलो तर तपासणीची ही लांबच लांब रांग! काचेच्या भिंतीपलीकडे आमची बोट उभी. पांढरी, उंच, शेजारी तशीच दुसरी. दोन इमारती गप्पा मारत उभ्या राहाव्यात तशा. कशावरूनने काचेला नाक लावलं.

"शिडी आहे अजून," ती म्हणाली. मग पायाशी बघून म्हणाली, "आजोबा, पिशवी रडतेय."

पिशवीच्या कोपऱ्यातून तपकिरी थेंब पडत होते. मी म्हटलं, वॉचमन झोपला की काय? आणि मग लख्ख आठवलं. साखर! साखर विरघळलेलं पाणी साध्या पाण्यासारखं घट्ट गोठत नाही, आणि लवकर ढासळतं. हे मी किती वर्गांना शिकवलं असेल! आणि हिने काढ्यात पसापसाभर साखर ओतली तेव्हा मी शेजारी उभा राहून 'अजून थोडी' म्हणत होतो.

रांग एक पाऊल पुढे सरकली.

"आजोबा, आता किती पेय झालं?"

"पाव असेल."

रांग आणखी सरकली.

"आता?"

"अगं, हळू बोल."

"हळू बोललं की हळू वितळतं?"

आमच्या मागे एक सुटाबुटातले गृहस्थ होते. सर्दीने बेजार, सारखं नाक ओढत होते. ते वाकून म्हणाले, "अहो आजोबा, तुमचं काहीतरी सांडतंय."

"सांडत नाहीये," मी म्हटलं, "वितळतंय."

"काय वितळतंय?"

"कासव," कशावरूनने माहिती पुरवली.

गृहस्थ दोन माणसं मावतील इतके मागे सरकले.

तेवढ्यात कुत्रा आला. बंदराचा कुत्रा, गळ्यात पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला खाकी कपड्यातला शिपाई. कुत्र्याने जमिनीवरच्या पहिल्या थेंबाला नाक लावलं, दुसऱ्याला लावलं, माग काढत थेट आमच्या पिशवीपर्यंत आला, पिशवीत नाक खुपसलं, आणि...

"ऑक्छी!"

सगळी रांग वळून बघायला लागली. कुत्रा पुन्हा शिंकला. मिरी होती ना! शिपाई गोंधळून गेला.

"हा भुंकला तर स्फोटक असतं," तो मला विश्वासात घेऊन म्हणाला. "खाली बसला तर गांजा-बिंजा. पण शिंकला तर काय, हे आम्हाला शिकवलेलंच नाही!"

"त्याला सर्दी झाली असेल," मी आशेने म्हणालो.

"छे! सर्दी नाही."

"कशावरून?" कशावरून म्हणाली.

"सकाळी त्याचं नाक ओलं होतं."

"सर्दी झाल्यावर पण नाक ओलंच असतं ना?"

शिपायाने कुत्र्याच्या नाकाला हात लावला. मग स्वतःच्या नाकाला लावला. मग रेडिओवर म्हणाला, "हॅलो, बाई? एक संशयित शिंक आहे. पाठवू का?"

अशा रीतीने आम्हाला रांगेतून काढून थेट तपासनीस बाईंसमोर उभं करण्यात आलं. वेळ वाचला म्हणून मी खूश झालो. शिक्षकाला कशातूनही चांगलं बघायची सवय असते.

बाई गंभीर, डोळ्यांवर चष्मा, समोर एक्स-रे मशीनचा पडदा. पिशवी पट्ट्यावरून आत गेली, आणि पट्टा थांबला. बाई पडद्याजवळ वाकल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आजोबा, तुमच्या पिशवीत कासव आहे?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "हो," मी म्हटलं.

"आणि मासा?"

"तोही आहे."

"जिवंत प्राणी घेऊन बोटीवर चाललात? अहो, हा केवढा गुन्हा आहे ठाऊक आहे?"

"प्राणी नाही हो बाई! काढा!"

"मी का काढू? पिशवी तुमची आहे, तुम्ही काढा!"

"मी नाही, हिने काढा..."

"कुणीही काढा! पण आधी काढा!"

"अहो, तोच तर काढा!"

"तेच तर मी म्हणतेय, काढा!"

"काढा काढा!" कशावरून टाळ्या पिटत ओरडली. "आजोबा, गंमत कळली का? एक काढा नाम आहे आणि एक क्रियापद!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. व्याकरण मी तिला शिकवलंच नव्हतं! त्या पोरीला मी तिथेच कडेवर घेणार होतो, पण हिने कोपराने ढोसलं आणि टॉवेल सोडून सगळा ऐवज बाईंच्या ट्रेमध्ये मांडला.

देखावा काही फार चांगला नव्हता. चांदणीचे कोपरे गेले होते, तिची भाकरी झाली होती. माशाची शेपटी गळाली होती. कासवाचं अंग शाबूत होतं, पण त्याच्या पाठीवर वर्तमानपत्राची शाई उमटली होती. उलट्या अक्षरांत, ठळक, 'उष्णतेची लाट'.

"याचं डोकं कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"आत ओढून घेतलं," मी म्हटलं. विनोद होता. बाई हसल्या नाहीत.

त्यांनी वाकून वास घेतला आणि झटकन मागे झाल्या. वासच तसा! नाकातून शिरून टाळूवर टिचकी मारणारा. त्यांनी आवाज खाली आणला.

"आजोबा, खरं सांगा. तुम्ही घेता?"

"घेतो की! रोज सकाळी, उपाशीपोटी."

"रोज सकाळी?"

"थंडीत संध्याकाळीसुद्धा."

"आणि आजी?"

"ती तर घेतल्याशिवाय गाडीत पाय ठेवत नाही."

"या मुलीला तरी देत नाही ना?"

"देतो ना! खोकला झाला की एक एक चमचा. आमच्याकडे लहानपणापासूनच सवय लावतात."

बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. शिपाई पुढे सरकला. कुत्रा शिंकला.

"अहो, त्या दारूचं विचारतायत!" ही कपाळावर हात मारून म्हणाली. "बाई, हे तोंड घेणाऱ्याचं वाटतं का तुम्हाला? यांना कॉफी चढते! काढा आहे तो, आल्याचा. मला बोट लागते म्हणून केलाय."

"हा काढाच आहे कशावरून?" बाईंनी विचारलं.

"आजोबा!" कशावरून आनंदाने चीत्कारली. "यांनी पण विचारलं!"

बाईंनी चमच्याच्या टोकावर थेंबभर काढा घेतला आणि जिभेवर ठेवला. आम्ही सगळे बघत राहिलो. आधी त्यांचे कान लाल झाले. मग चष्म्यामागून पाणी आलं. मग बराच वेळ त्या नुसत्याच भिंतीकडे बघत राहिल्या.

"दारू नाही," शेवटी त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "दारू इतकी वाईट नसते." मग शिपायाकडे बघून घाईघाईने म्हणाल्या, "असं म्हणतात!"

"म्हणजे जाऊ आम्ही?"

"कसे जाल? दारू नसली तरी घरचं पेय आहे. हे इथेच राहील."

"काढा नाही तर मी नाही," ही म्हणाली आणि सरळ बाकावर बसली.

नेमका त्याच वेळी ध्वनिक्षेपक खाकरला : 'उरलेल्या प्रवाशांनी ताबडतोब बोटीवर जावे.' कशावरूनने काचेकडे धाव घेतली. "आजोबा, शिडीजवळ माणसं जमलीत! दोरीबिरी बघतायत!"

आता माझी वेळ आली होती. मी खडूचा हात वर केला. "बाई, पेय म्हणजे काय?" आणि सगळा सिद्धांत त्यांना मांडून दाखवला. द्रव, घन, नियमातला शब्द, सगळं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग ट्रे किंचित तिरका केला. काढा भळभळा एका कोपऱ्यात जमला.

"हा घन पदार्थ?"

उत्तर कशावरूनकडे होतं.

"सोपं आहे की! जेवढं वाहतंय तेवढं पेय. जेवढं घट्ट आहे तेवढं पेय नाही. पेय तुम्ही ठेवा, बाकीचं आम्ही नेतो."

बाईंनी भिंतीवरची नियमाची पाटी एकदा वाचली. पुन्हा वाचली. "चुकीचं काही नाही यात," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा मग घेतला आणि ट्रेमधला काढा त्यात ओतला. "न्या हे कासव."

मी कासव उचललं. त्याच्या पोटाखालून एक तपकिरी ओहोळ निघाला.

"थांबा. हे पेय झालं." पुन्हा ट्रे, पुन्हा मग. "हं, आता न्या."

मी उचललं. पुन्हा ओहोळ! बाई काटेकोर, आणि काढा त्यांच्याहून काटेकोर. मग भरला. दुसरा मागवला.

"आजोबा," कशावरूनने माझी बाही ओढली, "असं तर कासव संपेपर्यंत चालेल." आणि मग अगदी बारीक आवाजात, "आजोबा, शिडी उचलतील ना?"

तिने एवढं विचारलं, पण या वेळी 'कशावरून' म्हटलं नाही.

ही बाकावरून उठली. पदर खोचला. "बाई, मला एक सांगा. पोटातून नेला तर चालतो का?"

"काय?"

"नियम आणायचा नाही असा आहे ना? मग पिऊन गेलं तर?"

बाईंनी पाटीकडे पाहिलं. शिपायाकडे पाहिलं. "पोटाची तपासणी आम्ही करत नाही," त्या म्हणाल्या.

हिने पहिला मग उचलला आणि एका दमात रिकामा केला. तोंड वेडंवाकडं नाही, काही नाही! दुसरा मग तिने त्या सर्दीवाल्या गृहस्थांपुढे धरला. ते रांगेतून इथवर पोचले होते आणि आ वासून बघत होते. "घ्या. नाक मोकळं होईल." त्यांनी भीतभीत दोन घोट घेतले आणि एवढा मोठा श्वास ओढला की टेबलावरचे कागद उडाले. शिपायानेही एक घोट घेतला. कुत्र्याने नाही घेतला. त्याला अक्कल होती.

"टाकून द्या ना उरलेलं," मी म्हणालो.

"टाकायला आटवला नाही मी काढा!" ही म्हणाली. "कल्पना कुणाची होती?"

"माझी."

"मग ज्याची कल्पना त्याचं कासव! संपवा!"

मी कासव खाल्लं. पाठ कडाकडा चावली, पोट प्यालो, 'उष्णतेची लाट' शाईसकट गिळली. मागोमाग मासा, मागोमाग चांदणीची भाकरी. वर बर्फाचा गारठा आणि आत मिरीचा वणवा, अशा अवस्थेत मी त्या दोघींच्या मागे धावत सुटलो. पोटात डुबुक डुबुक आवाज येत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला पखालीचं दुःख कळलं.

शिडी होती! वरच्या टोकाला तेलाच्या डागांचे कपडे घातलेले चिरंजीव उभे होते. त्यांनी "बाबा, किती उशीर!" एवढंच म्हटलं, लेकीला उचललं आणि दोघं वरच्या जिन्याने दिसेनासे झाले. आमच्या मागे शिडी खडखडत उचलली गेली.

आम्ही डेकवर कठड्याशी जाऊन उभे राहिलो. ही ताजीतवानी, गार वाऱ्यावर केस सारखे करत होती. मी कठडा घट्ट धरला होता. पोटातलं कासव जिवंत झालं होतं आणि पोहायचा प्रयत्न करत होतं.

आणि तेवढ्यात, समोरच्या बोटीच्या खिडक्या सरकायला लागल्या. एक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली.

"सुटली," माझ्या तोंडून निघालं. "अगं, सुटली बोट!"

भोंगा वाजला नव्हता! कप्तान थांबला नव्हता. पोरगी वर पोचेपर्यंत त्याने बोट हाकारली होती. एवढे दिवस घरभर भोंऽऽऽ करत फिरलेली माझी नात आता तिथे बापाच्या कडेवर गप्प बसली असेल, आणि कशामुळे? एका कासवामुळे! समोरच्या खिडक्या भराभर पळायला लागल्या, डोकं गरगरलं, पोट वर आलं. "टॉवेल," मी कसाबसा म्हणालो.

हिने टॉवेल दिला. दिवसभर झोपा काढणारा तो वॉचमन शेवटी कामाला आला! पुढचं वर्णन मी करत नाही. जे आत नेलं होतं ते मी बोटीवर आणलं. म्हणजे नियम मोडलाच म्हणायचा!

"अहो," ही माझी पाठ चोळत म्हणाली, "तुम्हाला झालं काय?"

"पोरीचा... भोंगा... राहिला..."

"राहिला कशाने? आपली बोट कुठे हललीय? ती शेजारची चाललीय. खाली बघा, आपले दोर अजून बांधलेलेच आहेत."

मी खाली पाहिलं. मांडीएवढे जाड दोर धक्क्याच्या खुंटांना गच्च बांधलेले होते. आणि मी तसाच बघत असताना आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला.

भोंऽऽऽऽऽऽऽ!

कठडा थरथरला. माझ्या दातांच्या कवळीपर्यंत तो आवाज पोचला. हिने टाळ्या वाजवल्या. मी टॉवेलमागून हसलो, रडलो, दोन्ही केलं. आणि मग, सगळं शांत होतं न होतं तोच, पुन्हा!

भोंऽऽऽऽऽऽऽ!

दुसऱ्यांदा कसा काय वाजला, हे मला नंतर चिरंजीवांनी सांगितलं. पहिला भोंगा झाल्यावर कप्तान म्हणाला, "शाब्बास! तुझ्या आजोबांनी नक्की ऐकला असेल." तर पोरगी म्हणाली, "कशावरून?" कुणाच्या बापासाठी न थांबणारा तो कप्तान क्षणभर विचारात पडला, आणि म्हणाला, "बरं, पुन्हा दाब."

थोड्या वेळाने बाप-लेक खाली आले. "आजोबा, ऐकलात ना? दोन्ही?" आणि मग माझा अवतार बघून, "आजी, आजोबांना काय झालं?"

"काही नाही," ही म्हणाली. "आजोबांना बोट लागली."

कशावरूनने कठड्यावरून वाकून खालचे दोर पाहिले. मग आमच्याकडे पाहिलं.

"लागलेलीच तर आहे, आजी! अजून सुटलीय कुठे?"

चिरंजीव इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. पण ती हसली नाही. माझ्याजवळ टेकली, मी तिच्याजवळ टेकतो तशी, आणि शांतपणे, एकेक शब्द सुटा करून मला समजावू लागली. "हे बघा आजोबा. आपण थांबलेलो असताना समोरची बोट हलली ना, की आपल्याला वाटतं आपणच चाललोय. म्हणून समोरच्या बोटीकडे बघायचं नाही. धक्क्याकडे बघायचं. कळलं?"

हा धडा मीच तिला शिकवला होता, आगगाडीच्या खिडकीत बसून. मी निमूटपणे मान डोलावली.

"कशावरून?" ती म्हणाली.

तेवढ्यात बोट खरोखरच सुटली. मी नुसता टॉवेलसाठी हात पुढे केला.